लेकीचे शेअर्स आणि माझी घाई

मार्च 2020. एस अँड पी 500 महिन्याभरात सुमारे 34 टक्के घसरलेला, नोकरीची धाकधूक. एका रात्री दोन वाजता मी माझा सगळा इंडेक्स फंड विकायची ऑर्डर टाकली. नेमका त्याच आठवड्यात बाजाराने तळ गाठला होता!

लेकीच्या कस्टोडियल खात्याला मात्र हात लावला नाही. शहाणपण वगैरे काही नाही हं. इथे अमेरिकेत ते पैसे कायद्याने तिचेच, आपण फक्त सांभाळणारे. म्हणून विकायला धजलो नाही, इतकंच. ऑगस्टमध्ये इंडेक्स पुन्हा फेब्रुवारीच्या पातळीवर आला. तिचे पैसे भरून निघाले, माझा तोटा पक्का झाला.

परवा तिने विचारलं, "बाबा, शेअर घेऊन पैसे मिळतात कसे?"

म्हटलं, काही कंपन्या नफ्यातला वाटा लाभांश म्हणून देतात. आणि कंपनीची कमाई वाढत गेली की कधी ना कधी भावही वाढतो, पण ते पैसे विकल्यावरच हातात येतात. तिच्या लाभांशातून आपोआप आणखी शेअर्स घेतले जातात. स्टेटमेंटवरचे ते शेअरचे चिमुकले तुकडे बघून ती हरखली.

मग म्हणाली, "तू का विकलेस?"

"घाबरलो."

तिच्या कॉलेजला अजून सहा वर्षं आहेत. शेवटच्या दोन वर्षांत फीपुरते पैसे हळूहळू बचत खात्यात हलवणार. बाकीचे राहू देत.