मागच्या चाकाचा चिखल



पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची कशी सांभाळायची, ते मागच्या वेळी लिहिलं होतं. आज पिकअपच्या मडफ्लॅपबद्दल लिहितेय. हसू नका. शेवटपर्यंत वाचलंत तर हा विषय आपल्या चौक्यातलाच आहे, हे तुम्हाला पटेल.

आमचं पशुखाद्याचं दुकान आहे, जयसिंगपूरजवळच्या गावात. पेंडीची पोती पोचवायला पिकअप आहे. आम्ही ती जुनीच घेतली आणि मागचा हौदा नवीन बांधून घेतला. त्या कामात मागच्या चाकांमागची रबरं निघाली, ती परत लागलीच नाहीत. दोन वर्षं गाडी तशीच फिरली. हिशोब मी बघते, सांगलीत बी.कॉम. केलेलं तेवढ्याच कामाला येतं. विमा, टायर, ऑइल सगळं वेळेवर व्हायचं. रबराचं मात्र ना गाडीला अडत होतं, ना आम्हाला.

यंदा गावात महाराजांचा चातुर्मास आहे. क्षमावाणीच्या दिवशी नेहमीप्रमाणे मी गल्लीत घरोघर गेले. वळणावरच्या आक्कांकडे पोचले, हात जोडले, म्हटलं, "आक्का, कळत नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा."

आक्का हसल्या. "तुझं गं काय चुकायचंय? बस, चहा घे."

त्यांची नात, सहावीत असेल, भिंतीला टेकून उभी होती. ती पटकन म्हणाली, "आजीवर चिखल उडवला की तुमच्या गाडीनं. मग महाराज पुढं गेले."

आक्कांनी तिला गप्प केलं. पण मला सगळं आठवलं.

श्रावणातली सकाळ होती. रात्रभराचा पाऊस नुकताच उघडला होता. बँकेत जायचं होतं, म्हणून मी मुलाच्या शेजारी पिकअपमध्ये बसले होते आणि "चल लवकर, गर्दी होईल" असं मीच दोनदा म्हटलं होतं. आक्का शुद्धीची साडी नेसून, हातात कलश घेऊन पडगाहनासाठी दारात उभ्या होत्या. मी खिडकीतून त्यांना हात जोडले. मनात म्हटलंसुद्धा, केवढं भाग्य! त्यांच्या दारापुढं गाडी वळली, मागचं चाक खड्ड्यातून गेलं आणि आम्ही निघून गेलो.

त्या चाकानं उडवलेला काळ्या रानाचा चिखल त्यांच्या साडीवर, कलशावर आणि तोंडावर गेला होता. आता आंघोळ करून, दुसरी साडी नेसून परत उभं राहायला वेळ कुठला? तेवढ्यात महाराज आले आणि दारात कोणीच नाही म्हणून पुढे गेले. आक्कांचा मुलगा पुण्याहून दोन दिवसांच्या रजेवर खास आहार द्यायला आला होता. तो दुपारच्या गाडीनं परत गेला. केलेला स्वयंपाक घरच्यांनी खाल्ला.

दुसऱ्याच्या दानात विघ्न आणलं की अंतराय कर्म बांधलं जातं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी कधी कुणाचा हात धरून दान अडवलेलं नाही, म्हणून ते आपल्याला लागू नाही असंच मी धरून चालले होते. घरी येऊन मुलाला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, "आई, मुद्दाम थोडंच केलं? मला दिसलंच नाही."

तेच तर! तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाचा शब्द आलाय. मुद्दाम केलेलंच तेवढं मोजायचं असतं, तर प्रमाद हा शब्द लागलाच नसता. आणि ईर्यासमिती म्हणजे पुढची चार हात जमीन बघून चालणं. पायी चालणाऱ्याला तेवढं पुरतं. चाकावर बसलं की पुढचं बघून भागत नाही, कारण चाक जे उडवतं ते मागं उडवतं.

पुढच्या रविवारी फ्लॅप लावायचं ठरलं. मला वाटलं होतं, दोन रबरं टांगली की झालं. पण गॅरेजमधल्या पोरानं मला बरंच शिकवलं.

फ्लॅप टायरच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त रुंद हवा, नाहीतर कडेनं चिखल निसटतो. माप रिकाम्या गाडीत घ्यायचं नाही. माल भरला की पाटे बसतात आणि गाडी खाली येते, मग फ्लॅप जमिनीला घासतो. म्हणून आम्ही वीस पोती चढवून माप घेतलं आणि भरल्या गाडीत खाली सहा इंच मोकळे ठेवले. टायर आणि फ्लॅपमध्येही वीतभर जागा सोडली, कारण गाडी मागं घेताना टायर रबर ओढून घेतो आणि फाडतो. सायलेन्सरपासूनही तो लांबच हवा.

मुलगा चेसिसलाच भोक पाडायला निघाला होता. पोरानं त्याला थांबवलं. गाडीचा सगळा भार चेसिसवर असतो, तिथं भोकं पाडून ती कमजोर करायची नाही. हौद्याखालच्या अँगलला फ्लॅप बसवले. रबराला नुसते बोल्ट मारले तर ते भोकाशी फाटतं, म्हणून वरून लोखंडी पट्टी, रुंद वायसर आणि हादऱ्यानं सैल न होणारे लॉकनट लावले. नव्या भोकांना गंज धरू नये म्हणून रंगाचा हात दिला. पट्ट्या, नटबोल्ट, मजुरी धरून ११५० रुपये झाले.

मुलाला फ्लॅपवर पांढऱ्या रंगात 'जय जिनेंद्र' लिहून घ्यायचं होतं. मी नको म्हटलं. जिथं दिवसभर चिखल बसणार, तिथं भगवंताचं नाव? लिहायचंच तर समोर काचेच्या वर लिही.

फ्लॅप लावायच्या आधी आणि नंतर आम्ही एक परीक्षा घेतली. अंगणातल्या डबक्यामागं जुना पांढरा पंचा दोरीवर टांगला आणि मुलाला तेवढ्याच वेगानं गाडी न्यायला सांगितली. पहिल्या वेळी शिंतोडे माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत गेले. तो पंचा बघून आम्ही दोघंही काही बोललो नाही. फ्लॅप लावल्यावर गुडघ्याच्या वर फारसं काही नव्हतं. पण पोरगा म्हणाला, "काकू, ह्यानं मागं उडतंय ते थांबतंय. बाजूला फेकलं जातंय ते पाणी रबरानं नाही थांबायचं. तिथं ब्रेकच मारायला पाहिजे."

हे मला फार पटलं. नियम घेतला म्हणजे सुटलो, असं आपणही समजतो. रात्रीचं जेवण सोडतो, पाणी गाळून घेतो, ते हवंच. पण "चल लवकर" म्हणणारी जीभ तशीच राहिली, तर नियम एकटा किती आवरणार? त्या दिवशी गाडी मुलगा चालवत होता, घाई माझी होती.

संध्याकाळी परत आक्कांकडे गेले. ह्या वेळी 'कळत नकळत' म्हटलं नाही. म्हटलं, "आक्का, त्या दिवशी गाडीत मी होते. घाई मी केली. तुमचा आहार माझ्यामुळं चुकला. क्षमा करा."

आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "राग नव्हता गं. पण पोरगं जेवताना म्हणालं, आपल्या नशिबातच नाही. ते मात्र लागलं मला."

मला काही बोलता आलं नाही. तो दिवस मी त्यांना परत देऊ शकत नाही. चातुर्मास संपायच्या आत मुलाला रजा मिळाली, तर आक्का पुन्हा चौका लावणार आहेत. त्या दिवशी त्यांचं पाणी भरायला आणि धान्य निवडायला मी जाणार आहे. आणि त्या सकाळी आमची गाडी दारातून हलणार नाही.

प्रतिक्रमणाला बसले की आता मी दिवसातली एक गोष्ट आठवते, जिथून मी घाईनं निघून गेले. तिथं मागं काय उडालं असेल, ते बघते. तुमच्या घरी गाडी असेल तर उद्या सकाळी एकदा तिच्या मागं जाऊन उभ्या राहा आणि रबरं आहेत का बघा.

उत्तम क्षमा.