मॉरिशसचे वारे

आमचे गाव राजूर, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. टेकडीवरच्या गणपतीमुळे पुष्कळ वाचकांना ते ठाऊक असेल. अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. पण समुद्र आमच्यापासून फार लांब. मी तो पहिल्यांदा डोळे भरून पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर, आणि तोही एकदम मॉरिशसचा.

थोरली लेक तिथे एका हॉटेलात हिशेबाचे काम करते. दोन वर्षे "ये, ये" म्हणत होती. श्रावणात खुरपणी आटोपली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "जाऊन ये. गुरांकडे मी बघतो." मी आजवर जात नव्हते, पण ती काही विमानाच्या भीतीने नव्हे.

आमच्या घरात पाण्याची धास्ती जुनी आहे. मी नऊ वर्षांची असताना माहेरी पाठचा भाऊ विहिरीत पडला. विहीर काळ्या पाषाणात फोडलेली, कडा उभ्या, हाताला धरायला काही नाही. त्याला वर काढले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या दिवसापासून आईने आम्हा कुणाला विहिरीच्या काठाला फिरकू दिले नाही आणि पुढे मीही माझ्या लेकरांना फिरकू दिले नाही. गावची पोरे पाठीला डबा बांधून पोहायला शिकली, माझी तिन्ही कोरडी राहिली. त्यातलीच ही थोरली. ती आता पतंगाला स्वतःला बांधून घेऊन समुद्रावरून पळते, असे फोनवर कळले तेव्हा दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. तिला समजावून काठावर आणावे, हाच माझ्या जाण्याचा खरा हेतू होता.

मुंबईहून विमान सहा-साडेसहा तासांत पोचवते. आपल्या पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता जवळ ठेवावा. तिथले घड्याळ दीड तास मागे. आपण विषुववृत्ताच्या वर वीस अंशांवर, ते बेट खाली वीस अंशांवर. त्यामुळे आपल्या श्रावणात तिथे हिवाळा असतो, पण एका शालीवर भागणारा. नोटांवर देवनागरी अक्षरे पाहून जिवाला जरा बरे वाटले.

विमानतळाबाहेर पडल्यावर पहिली ओळख पटली ती दगडाची. उसाच्या फडात मधोमध काळ्या धोंड्यांचे ढीग, भिंतीसारखे रचलेले. आपण वावरातले धोंडे वेचून बांधावर टाकतो, तोच प्रकार. ते वेचण्यात आपल्या देशातून नेलेल्या मजुरांचे हात होते. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांवर माणसे कराराने तिथे उतरली. त्यांतले मराठी लोक बहुतेक कोकणातले, मुंबई बंदरातून गेलेले. आमच्या गाडीवाल्याचा खापरपणजा रत्नागिरीकडचा. हा घरी क्रिओल बोलतो, माझ्याशी हिंदीत बोलला. मराठी त्याला आरतीपुरती येते, पण ती मात्र सगळी पाठ! गणेशचतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते. मी राजूरचा अंगारा दिला, तो त्याने कपाळाला लावून उरलेला गाडीच्या खणात ठेवला.

दगडाची गोष्ट लेकीने सांगितली. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर लाव्हा पसरला, तो जमिनीखालच्या एका तापलेल्या जागेवरून. आपली भूमी पुढे उत्तरेला सरकत गेली, ती जागा मागे राहिली. त्याच चुलीवर ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आले. आज ती चूल शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला डोंगर अजून अधूनमधून पेटतो. म्हणजे चूल तीच, तवे सरकत गेले. माझ्या माहेरच्या विहिरीचा पाषाण आणि हा धोंडा एकाच घरचे निघाले.

रविवारी लेक मला ल मॉर्नला घेऊन गेली. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ५५६ मीटर उंचीचा उभा काळा डोंगर, पायथ्याशी पांढरी वाळू. मालकांच्या जाचातून पळालेले गुलाम याच डोंगरावर लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी उठली, ती सांगायला शिपाई वर चढले, तेव्हा ते धरायलाच आले असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असे तिथले लोक सांगतात. २००८ साली या जागेची जागतिक वारशात नोंद झाली.

आणि वारे! मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून एकसारखे वाहते, पुष्कळदा ताशी तीस-चाळीस किलोमीटर. आपण खळ्यावर तिवईवर उभे राहून उपणायला वाऱ्याची वाट पाहतो, तो दोन घटका येतो आणि पडतो. इथले वारे पडतच नव्हते. दहा जणींचे धान्य दुपारपर्यंत उपणून झाले असते. इथे ते नुसते खेळायला वापरतात याची मला पहिल्यांदा हळहळच वाटली.

पतंगाला वीस-बावीस मीटरच्या चार दोऱ्या, त्या कमरेच्या पट्ट्याला अडकवतात. हातात आडवी दांडी, पायाखाली फळी. पतंगाच्या कडेच्या नळीत हवा भरलेली असते, म्हणून तो पाण्यात पडला तरी बुडत नाही. लांबवर पोवळ्यांचा बांध आहे, मोठ्या लाटा त्यावर फुटतात आणि अलीकडचे पाणी उथळ राहते. शिकणारे याच बाजूला असतात. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल त्या दिवशी उतरू नये आणि नवख्याने शिकवणाऱ्याशिवाय जाऊ नये, हे पहिल्याच दिवशी बजावतात.

"घाबरलं की माणूस दांडी ओढतो, आई. ओढली की पतंग आणखी जोर धरतो. आधी दांडी सोडायला शिकवतात," लेक म्हणाली आणि गेली.

मी पदर धरून बसले. तिचा पतंग पिवळा होता. बराच वेळ तो इकडून तिकडे जात होता आणि मग एकाएकी पाण्यावर पडला. मी उठून उभी राहिले. पतंग उठेना. तिचे डोके लाटांत दिसेना. काठावरची बोट सुरू झाली. त्या दोन-तीन मिनिटांत मी पुन्हा माहेरच्या विहिरीपाशी उभी होते. मग पतंगाचे एक टोक हलले, त्याने वारा धरला आणि तो वर चढला. बोट अर्ध्यातून परत फिरली.

ती बाहेर आली तशी मी तिच्या ओल्या पाठीत धपाटा घातला आणि रडू लागले. ती शेजारी वाळूत बसली. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "आई, मामाला पोहता येत असतं तर?"

पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणी काढला नव्हता. मला उत्तर देता आले नाही. परतताना गाडीत आम्ही दोघी गप्पच होतो.

पुढच्या रविवारी मीच म्हटले, चल. कासोटा घट्ट खोचला आणि तिचा हात धरून पाण्यात गेले. आधी गुडघाभर, मग कमरेएवढी. पाणी थंडगार होते आणि तळाची वाळू स्वच्छ दिसत होती. तिने मला पाठीवर निजवले, खाली नुसते दोन हात धरले. कानांत पाणी गेले, वाऱ्याचा आवाज बंद झाला. हात तिने कधी काढून घेतले ते मला कळलेच नाही. कळले तेव्हा मी दोन घोट खारे पाणी पिऊन उभी राहिले!

पतंगाचे तिला मी काही बोलले नाही. बोट असेल तेव्हाच जाईन, एवढा शब्द तिच्याकडून घेतला.

परत आले तेव्हा आमची विहीर वरून चार हातांवर आली होती. मुलाचा मुलगा आठ वर्षांचा आहे. ह्यांनी माळ्यावरून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा काढला, पाणी भरून कुठे गळत नाही ना ते पाहिले आणि झाकण डाक देऊन बंद करून आणले. पहिल्या दिवशी पायरीवर मी बसणार आहे.