घरचा पैसा

बिबवेवाडीहून गंगाधाम चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका सोसायटीत दोन भावांची कुटुंबे वरच्या-खालच्या मजल्यांवर राहतात. स्वयंपाकघरे दोन, दुकान एक. मार्केट यार्डच्या भुसार विभागातील त्या दुकानाच्या गादीवर सकाळी थोरले बंधू बसतात, दुपारनंतर धाकटे. तिजोरीतून कोणी किती काढले, हा प्रश्न त्या घरात गेल्या तीस वर्षांत कोणी विचारलेला नाही. पणजोबा मारवाडातून लोटा-दोरी घेऊन पुण्यास आले, तेव्हा त्यांच्याजवळ कागद एकच होता. गावच्या एका व्यापाऱ्याने येथील आडत्यास लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी. माणूस आपला आहे, एवढाच तिचा आशय. त्या चिठ्ठीवर राहावयास जागा मिळाली आणि पहिले पोते उधारीवर मिळाले.

धाकट्या बंधूंच्या मुलीस २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. विषय माल-पुरवठ्याचे व्यवस्थापन, मुदत एक वर्ष. मुलीने दुकानाच्या गोदामाचा हिशेब संगणकावर आणला होता. त्यामुळे हा विषय तिने का निवडला, हे घरात कोणास समजावून सांगावे लागले नाही. अडले ते दुसऱ्याच ठिकाणी. ब्रिटनचा विद्यार्थी-व्हिसा मागताना फी आणि राहण्याचा खर्च भागेल एवढी रक्कम खात्यात दाखवावी लागते. त्या वर्षी लंडनबाहेर राहणाऱ्यासाठी दरमहा १,१३६ पौंड असा दर होता, आणि तो नऊ महिन्यांचा धरावा लागे. म्हणजे १०,२२४ पौंड. त्यात विद्यापीठाची उरलेली फी मिळवली की आकडा साडेबावीस लाख रुपयांच्या घरात जात होता.

"एवढेच ना?" असे वडील म्हणाले, आणि त्यात बढाई नव्हती. त्यांच्या एका फोनवर पन्नास लाखांचा माल गोदामात उतरतो. परंतु हंगामात व्यापाऱ्याचा पैसा मालात आणि उधारीत असतो, खात्यात नसतो. त्यांच्या स्वतःच्या नावावर बारा लाख निघाले. बाकीचे पेढीचे, काही अविभक्त कुटुंबाच्या खात्यातील, आणि थोरल्या बंधूंच्या नावावरील ठेवी. वडिलांच्या दृष्टीने ही सारी एकच थैली होती.

कागदपत्रे पाहणाऱ्या सल्लागाराने ती थैली टेबलावर उलटी केली. पेढीचे खाते चालत नाही. अविभक्त कुटुंबाचे चालत नाही. काकांचे चालत नाही. ब्रिटनच्या नियमानुसार पैसा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अथवा आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावावर असावा लागतो. शिवाय तो सलग २८ दिवस खात्यात राहिलेला असावा लागतो. त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आतला हवा. एक दिवस जरी शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मग सल्लागाराने आवाज थोडा उतरवून उपाय सांगितला. एका ओळखीच्या ठिकाणाहून रक्कम मिळेल, व्याज थोडे पडेल, आणि महिनाभर मागची तारीख असलेले बँकेचे विवरणपत्रही तयार होईल. सगळेच करतात, असे तो म्हणाला. बाजारात हे वाक्य ऐकले नाही असा व्यापारी विरळा.

वडील त्या दिवशी नाही म्हणाले नाहीत. ते घरी आले आणि जेवले नाहीत, हे मुलीच्या लक्षात आले. प्रवेश सप्टेंबरअखेरचा होता आणि जुलै संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी स्थानकात प्रवचनानंतर त्यांची गाठ एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांशी पडली. हे गृहस्थ समाजातील मुलांची कर्जाची आणि परदेशी शिक्षणाची कागदपत्रे विनामूल्य तपासून देतात. त्यांच्या बोलण्यात गोडवा फारसा नसतो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "शेठ, पकडले गेले तर किती वर्षे?" वडिलांना ते ठाऊक नव्हते. अर्जात फसवणूक आढळली तर ब्रिटनचे दार सामान्यतः दहा वर्षे बंद होते. कॅनडात पाच वर्षे. अमेरिकेत तर खोटी माहिती देऊन व्हिसा मागणारा कायमचा अपात्र ठरतो आणि नंतर माफीसाठी वेगळा अर्ज करीत बसावे लागते. अन्य देशांचे अर्जही पूर्वी कोठे नकार मिळाला आहे काय, हे विचारतात. शिक्षा पित्याच्या खात्याला होत नाही, ती मुलीच्या नावावर चढते.

२०२३ साली कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर, ज्यांत बहुसंख्य पंजाबचे होते, परत पाठवणीची टांगती तलवार आली. त्यांची प्रवेशपत्रेच बनावट निघाली होती. अनेकांचे म्हणणे असे की, ती बनावट आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. एजंटाने दिले ते त्यांनी जोडले. अभ्यासक्रम पूर्ण करून काही जण नोकरीला लागले होते, आणि मग कायम वास्तव्याच्या अर्जाच्या वेळी जुना कागद वर आला. ज्यांचा हेतू प्रामाणिक ठरेल त्यांना राहू देण्याची वाट तेथील सरकारने पुढे काढली, पण मधले महिने त्या मुलांनी कसे काढले असतील याची कल्पना करता येते.

सल्लागार म्हटला की तो लबाडच, असे मात्र नव्हे. प्रश्न इतकाच की, तो कोणास उत्तरदायी आहे? कॅनडाच्या व्हिसासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस तेथील परवानाधारक असला पाहिजे, आणि त्याचे नाव तेथील अधिकृत यादीत कोणालाही पाहता येते. ऑस्ट्रेलियातही नोंदणीची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये असा सल्ला देणाऱ्यास नोंदणी अनिवार्य आहे. पण पुण्यात बसलेल्या दुकानावर त्या कायद्याचा हात पोचत नाही. भारताचा १९८३ चा उत्प्रवास कायदा नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालांना परवाना बंधनकारक करतो, आणि आखातात कामाला जाणाऱ्याने तो परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. विद्यार्थ्यांच्या सल्लागारास तो कायदा लागू नाही. म्हणूनच अर्जाची प्रत्येक ओळ, सही करण्यापूर्वी, ज्याचा अर्ज त्याने स्वतः वाचावी लागते. त्या मुलीने वाचली. वडिलांच्या उत्पन्नाचा आकडा कोणीतरी परस्पर वाढवून लिहिला होता, तो तिने खोडला.

निवृत्त अधिकाऱ्यांनी दोन सरळ वाटा सांगितल्या. पहिली, बँकेचे शैक्षणिक कर्ज. मान्यताप्राप्त बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र असले की २८ दिवस थांबावे लागत नाही, आणि १ एप्रिल २०२५ पासून अशा कर्जातून पाठवलेल्या शुल्कावर उगमस्थानी कर-वसुलीही होत नाही. स्वतःच्या पैशातून पाठवल्यास वर्षाकाठी दहा लाखांपुढे ती होते. ही वाट खरे तर सर्वांत सोयीची होती. ती घेतली गेली नाही याला कारणे दोन. घर अद्याप आजोबांच्या नावावर होते, वारसनोंद राहून गेली होती, त्यामुळे तारण देणे लांबले असते. दुसरे कारण वडिलांनी बोलून दाखवले नाही, पण ते उघड होते; मुलीला कर्ज काढून शिकवले, असे लोक म्हणतील! धंद्यासाठी कॅश-क्रेडिटवर वर्षानुवर्षे व्याज भरणाऱ्या समाजाला शिक्षणासाठीच्या कर्जाची लाज का वाटावी, हे कोडेच आहे.

दुसरी वाट थोरल्या बंधूंच्या ठेवीतून जाणारी. त्यांनी ती मोडावी आणि रक्कम धाकट्यांच्या खात्यात बँकेमार्फत द्यावी. भाऊ हा आयकर कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक असल्याने अशा बक्षिसावर घेणाऱ्यास कर नाही. सोबत बक्षीसपत्र करावे.

"बक्षीसपत्र कशाला? वर्षभरात मी त्यांना परत देणारच," धाकटे बंधू म्हणाले.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून ठेवला. "परत देणार असाल तर ते कर्ज झाले. खाजगी कर्ज त्यांना चालत नाही. आणि कर्जाला बक्षीस लिहिलेत, तर कालच्या त्या माणसाच्या कागदात आणि तुमच्या कागदात फरक तो काय राहिला?"

ही गोष्ट घेऊन ते थोरल्या भावासमोर बसले. "भाईजी" म्हणून आरंभ केला आणि पुढे शब्द सुचेनात. थोरल्यांना प्रथम राग आला तो इंग्रज सरकारचा. ज्या मुलीला त्यांनी खांद्यावर बसवून पालखी दाखवली, ती ज्यांना 'बडे पप्पा' म्हणते, त्यांचा पैसा तिच्या घरचा नव्हे! हा अपमान त्यांना फार लागला. पणजोबांच्या चिठ्ठीची कथा त्यांनी त्या संध्याकाळी पुन्हा एकदा सांगितली. पण समुद्रापलीकडच्या अधिकाऱ्यास बिबवेवाडीतील पत कशी कळावी? त्याला ना दुकान दिसते, ना माणूस.

१८९३ साली शिकागोच्या धर्मपरिषदेस आचार्य विजयानंदसूरींना निमंत्रण होते. साध्वाचारामुळे त्यांना समुद्रप्रवास करता येत नव्हता, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठवले. त्या काळी व्हिसा नव्हता. अडथळा घरचाच होता. समुद्र ओलांडला म्हणून समाजातील काही मंडळींनी त्यांच्यावर डोळे वटारले होते. आता समाज हार घालून निरोप देतो आणि अडथळा पलीकडच्या काठावर आहे.

निर्णय अखेर थोरल्या वहिनींनी केला. त्यांच्या मुलाचे लग्न येत्या माघात ठरले होते आणि ती ठेव त्यासाठीच होती, ही गोष्ट खोलीतील सर्वांना ठाऊक होती व कोणी उच्चारीत नव्हते. त्यांनी विचारले, "बक्षीस लिहायचे म्हणजे परत मागायचे नाही, असेच ना?" हो, असे उत्तर आले. "मग तसेच लिहा. देऊन टाका."

४ ऑगस्टला बारा लाख जमा झाले. ३१ ऑगस्टला २८ दिवस पूर्ण होणार होते. मध्ये पर्युषण आले. मुलीची आजी अठाईला बसली होती, मुलगी रोज प्रतिक्रमणानंतर वडिलांच्या मोबाइलवर शिल्लक पाहत असे. सोळाव्या दिवशी विम्याचा ६२,००० रुपयांचा हप्ता खात्यातून आपोआप गेला आणि घरात धावपळ उडाली. सुदैवाने अधिकाऱ्यांनी गरजेपेक्षा दीड लाख अधिक ठेवण्याचा आग्रह धरला होता. पौंडाचा भाव हलतो आणि रुपयांचे पौंड ठरवलेल्या विनिमय-दरानेच मोजले जातात, हे त्यांचे कारण. हप्त्याचे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते.

जन्मदाखल्यावर वडिलांच्या आडनावाच्या इंग्रजी लेखनात एक अक्षर अधिक होते, पासपोर्टवर ते नव्हते. पैसा वडिलांचा, म्हणून ते वडीलच आहेत हे जन्मदाखल्याने सिद्ध व्हावयाचे. आणि तेथेच हा फरक. प्रतिज्ञापत्र करून जोडले. आपल्या समाजात एकाच घरातील तीन भाऊ आडनाव तीन प्रकारे लिहितात, त्या घरांनी मूल दहावीला बसण्यापूर्वी हे एकदा पाहून घेतले तर पुढचे हेलपाटे वाचतात. वडिलांचे पैसे वापरण्यास त्यांची लेखी संमतीही लागते. सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्यास क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यातच करावी लागते. आरोग्य-अधिभार वर्षाला ७७६ पौंड वेगळा. १ सप्टेंबरला अर्ज गेला, बोटांचे ठसे झाले.

१९ तारखेस मंजुरीचा ईमेल आला. ब्रिटनने त्या जुलैपासून बहुतेक विद्यार्थ्यांना पासपोर्टवर चिकटवण्याचा व्हिसा देणे बंद करून डिजिटल नोंद सुरू केली आहे. आजींनी पासपोर्टची पाने पुन्हा पुन्हा उलटली. "शिक्का कोठे आहे?" त्यांना मोबाइलचा पडदा दाखवला, पण त्यांचे समाधान झाले नाही.

मुलगी शिक्षणानंतर तेथे नोकरी शोधेल की परत येईल, हे तिनेही ठरवलेले नाही. पदवीनंतर मिळणारी दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी अठरा महिन्यांवर येणार आहे. ती तोवर अर्ज करू शकेल असे दिसते.

दिवाळीला वहीपूजनानंतर धाकटे बंधू एक पाकीट घेऊन वरच्या मजल्यावर गेले आणि ते तसेच घेऊन खाली आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्थानकात त्या अधिकाऱ्यांना गाठून हळूच विचारले, पुतण्याच्या लग्नात जेवणाचा खर्च आपण उचलला तर बक्षीसपत्र खोटे ठरेल काय?

"पुतण्याच्या लग्नात काकाने खर्च करू नये, असा नियम अजून तरी कोणत्या देशाने केलेला नाही," ते म्हणाले.

मुलीची परीक्षा लग्नाच्याच आठवड्यात येते. आपण येऊ शकणार नाही, हे तिने बडी मम्मीला कळवले आहे.