दुरुस्तीची आज्ञा देण्याआधी

पुणे

ती. दादा,


तुझं पत्र आणि बिघडलेल्या फोटोंच्या फाइली मिळाल्या. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो तिच्या पदरापर्यंत स्वच्छ आहे आणि तिथून खाली नुसता करडा पट्टा. बघून फार वाईट वाटलं. पण बरेचसे फोटो परत मिळतील असं मला वाटतं. अट एकच, अ‍ॅरेला ‘रिपेअर’ची आज्ञा तू अजून द्यायची नाहीस. का, ते सविस्तर सांगते, कारण नुसतं ‘नको’ म्हटलेलं तुला कधीच पटत नाही.

तुझी अ‍ॅरे म्हणजे चार डिस्कची रेड-५ मांडणी. रेड ही कल्पना बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८च्या निबंधात मांडली. स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या आणि त्यातली एखादी बंद पडली तरी काम अडू द्यायचं नाही. दर पट्ट्यात तीन डिस्कवर माहिती असते आणि चौथीवर पॅरिटी. समज, तीन डिस्कवर १, ०, १ असे बिट आहेत. चौघींतले ‘१’ मिळून सम भरले पाहिजेत, म्हणून पॅरिटी ०. उद्या दुसरी डिस्क मेली, तर उरलेल्या तिघींवरून तिथे ० होतं हे लगेच काढता येतं, कारण कुठली जागा रिकामी आहे ते आपल्याला ठाऊक असतं.

आता वेगळा प्रसंग घे. दुसरी डिस्क मेलेली नाही, पण तिने ०च्या जागी १ दिला आणि कसली तक्रारही केली नाही. हाती आले १, १, १, ०. ‘१’ तीन झाले, म्हणजे कुठेतरी चुकलंय एवढं कळलं. पण कोण चुकलं? चौघींपैकी कुणीही असू शकते. पॅरिटी गप्प पडलेल्या डिस्कसाठी आहे. खोटं बोलणारी डिस्क ती ओळखू शकत नाही. शिवाय रोजच्या वाचनात लिनक्स पॅरिटी तपासतही नाही, फक्त माहिती वाचून देतं. म्हणून तुझे फोटो एकाही सूचनेविना बिघडलेले निघाले.

‘चेक’ चालवल्यावर जो न जुळणाऱ्या जागांचा आकडा येतो, तोही कुठेतरी चुकलंय एवढंच सांगतो. ‘रिपेअर’ दिलंस तर यंत्रणा माहिती बरोबर आहे असं धरून चालते आणि पॅरिटी नव्याने लिहिते. आकडा शून्यावर येईल, सगळं आलबेल दिसेल, आणि चूक असेल तर तीच पक्की होऊन बसेल. खरी माहिती परत काढायला जो पुरावा उपयोगी पडला असता, तोही पुसला जाईल.

या अडचणीचा इतिहास मला फार आवडतो. बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग यांचं काम शनिवार-रविवारी रिलेच्या संगणकावर चालायचं. चूक सापडली की यंत्र ते काम सोडून पुढचं घ्यायचं. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या त्राग्यातून त्यांनी १९५०मध्ये प्रसिद्ध केलेला कोड जन्मला. तुझ्या रेड-५मध्ये नेमकी ही ‘कुठे’ सांगणारी माहितीच नाही. ती आपल्याला बाहेरून मिळवावी लागेल.

आधी अ‍ॅरे ‘रीड-ओन्ली’ कर. मग एक मोठी फाइल घे आणि तिचा शा-२५६ चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली खूण, काढ. संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू कर आणि तोच हिशोब परत कर. मधे बंद करणं महत्त्वाचं आहे, नाहीतर दुसऱ्या खेपेला फाइल डिस्कवरून न येता रॅममधूनच उचलली जाते. दोन उत्तरं वेगळी आली, तर वाचतानाच गडबड होते आहे, आणि डिस्कवरची माहिती शाबूत असण्याची आशा आहे. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, तर बहुधा चुकीचंच लिहिलं गेलंय.

मग बाहेरच्या डिस्कवरची जुनी प्रत काढ आणि बिघडलेल्या फाइलशी ‘सीएमपी’ने ताडून बघ. इथे घाई करू नकोस, सगळ्यात जास्त बोलतो तो त्यातून मिळणारा फरकांचा तक्ता. विखुरलेल्या बाइटमध्ये एकेकच बिट उलटा झाला असेल, तर माझा संशय रॅमवर. जेपीईजीत एक बिट चुकला तरी तिथून पुढचं चित्र विस्कटू शकतं, त्यामुळे अर्धा फोटो गेला म्हणजे अर्धी फाइल गेली असं समजू नकोस. उलट ४०९६ बाइटचे सलग तुकडे वेगळे निघाले, किंवा अ‍ॅरेच्या चंकएवढे (एका डिस्कवर सलग जाणाऱ्या तुकड्याएवढे) पट्टे ठरावीक अंतराने बिघडलेले दिसले, तर एखादी डिस्क किंवा कंट्रोलर.

रॅमसाठी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालव. एकही चूक निघाली तरी ती पट्टी काढून टाक, ‘एकच तर आहे’ म्हणू नकोस. डिस्कच्या स्मार्ट अहवालात ५, १९७ आणि १९९ हे क्रमांक बघ. पहिले दोन खराब सेक्टरचे, तिसरा बहुतेक वेळा केबलचा. १९९चा आकडा केबल बदलली तरी शून्यावर येत नाही. तो पुढे वाढतो का, एवढंच पाहायचं.

बाहेरच्या डिस्कवर रोज रात्री आरसिंकने प्रत जाते म्हणालास, ती आजच थांबव. आरसिंक एरवी फाइलचा आकार आणि वेळ पाहतो. नंतर आपोआप बिघडलेल्या फाइलीत दोन्ही बदलत नाहीत, म्हणून त्या प्रती अजून चांगल्या असाव्यात. ‘चेकसम’चा पर्याय लावून चालवलास, तर मात्र बिघडलेली फाइल चांगलीवर जाऊन बसेल.

हे तुझ्याच वाट्याला आलंय असं नाही. नेटअ‍ॅपच्या १५ लाखांहून अधिक डिस्कवर ४१ महिने नजर ठेवून केलेला अभ्यास २००८मध्ये आला. त्यात चेकसम न जुळण्याचे चार लाखांवर प्रसंग होते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ला सुरू झालेली झेडएफएस ही व्यवस्था याच कारणासाठी प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकपासून दूर, त्याच्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. त्यामुळे खोटं कोण बोलतंय ते तिला कळतं, आणि पॅरिटीवरून खरी माहिती परत भरता येते. हे प्रकरण निस्तरलं की तुझी अ‍ॅरे आपण तिच्यावर नेऊ. रॅम मात्र आधी निर्दोष हवी, कारण चेकसम काढण्यापूर्वीच बिट उलटला तर झेडएफएसही काही करू शकत नाही. आणि घराबाहेर एक प्रत हवीच, बाबांच्या भजनांच्या टेपची तर नक्की. मूळ कॅसेटला बुरशी लागलीय, ती आता पुन्हा वाजायची नाही.

मेमटेस्टचा निकाल आणि सीएमपीचा तक्ता मला पाठव. तो पाहून पुढचं ठरवू. तोवर त्या अ‍ॅरेवर काहीही लिहू नकोस, एवढं ऐक.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच