दादीची साक्ष

मुस्लिम घरातलं मूल आणि त्याची दादी किंवा नानी यांच्या नात्याबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा लाडाकोडापाशीच थांबतो. लाड तर असतातच. पण हे नातं मुळात साक्षीचं आहे, असं मला वाटतं. जे कुठं लिहिलेलं नाही, त्याची खात्री मुलाला देणारं घरातलं पहिलं माणूस म्हणजे आजी. खुद्द आजीचा वारसाहक्कही असाच साक्षीवर उभा आहे. पहिले खलिफा अबू बक्र यांच्यापुढे एक आजी नातवाच्या मालमत्तेतला वाटा मागायला आली, तेव्हा अल्लाच्या किताबात तुझ्यासाठी काही सांगितलेलं नाही, असं त्यांनी तिला सांगितलं; पण तिला तसंच परत न धाडता लोकांकडे चौकशी केली. पैगंबरांनी आजीला सहावा हिस्सा दिला होता, अशी साक्ष मुगीरा बिन शुअबांनी दिली, मुहम्मद बिन मस्लमांनी त्या साक्षीला दुजोरा दिला, आणि तो हिस्सा कायम झाला. मुलाच्या ताब्याबाबत मात्र हनफी कायदा स्पष्ट आहे: आईच्या माघारी लहानग्यावर पहिला हक्क नानीचा, मग दादीचा.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात आजीच्या या साक्षीला वेगळंच वजन येतं. इथला मोहरम उंचच उंच ताबुतांसाठी ओळखला जातो. कळकाच्या कामट्या चिकणमातीत भिजवलेल्या सुतानं बांधत मजले उभे करायचे, आणि मग ते माणसांच्या खांद्यावरून भेटीला न्यायचे. यातले काही ताबूत हिंदू घराण्यांचे आहेत. हे काम हातानं शिकता येतं. पण अमक्याचा ताबूत आपल्या ताबुताला भेटल्याशिवाय का हलत नाही, शेजारच्या हिंदू घरातलं पोर नवसानं फकीर का होतं, गुळाच्या पाण्यात मळलेले चोंगे आधी कुणाच्या दारी जायचे, हे शाळेच्या पुस्तकात नसतं आणि मदरशातही शिकवत नाहीत. शिवाय चांद्रवर्ष अकराएक दिवसांनी लहान, त्यामुळे मोहरम दरसाल मागं सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. दहा वर्षांच्या पोरानं तो जेमतेम एका ऋतूत पाहिलेला असतो. सत्तरीच्या दादीनं चिखलातला, थंडीतला, उन्हाळ्यातला असा दोन फेऱ्यांचा मोहरम पाहिलेला असतो. पावसात भिजलेला ताबूत कसा उचलला होता, हे विचारायचं तर तिच्यासारख्यांनाच. आणि ती हे घरच्या दखनीत सुरू करते, अर्ध्यातून मराठीत येते, पोराला त्यात काही जोड दिसत नाही. मुसलमान असणं आणि कडेगावचं असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याला पुढं कुणीतरी बाहेरचा सांगतो.

यावर पहिली हरकत घरातूनच येते. ताबूत, नवस, फकिरी हे दीनात कुठं आहे, असं शिकलेला नातू विचारतो. प्रश्न प्रामाणिक आहे आणि श्रद्धेचा निवाडा ज्यानं त्यानं करावा. पण दादीकडून मिळतं ते नुसतं कर्मकांड नव्हे. शेजाऱ्याशी कसं वागायचं याचा वर्षानुवर्षांचा पाठ त्यात आहे, आणि शेजाऱ्याचा हक्क तर दीनात ठळक सांगितलेला आहे. दुसरी हरकत अधिक अवघड: आजी अढीही देते. कुणाकडं पाणी प्यायचं नाही, मुलीनं किती शिकायचं, हेसुद्धा तिच्याच तोंडून येतं. हे खरंच आहे. पण तिला गप्प बसवून अढी जात नाही. नातू तिच्याशी वाद घालू शकतो, तिच्यावर रुसू शकतो. निनावी फिरणाऱ्या व्हिडिओशी त्याला तेही करता येत नाही. म्हणून मला तिची चूक परवडते.

तिची नुसती उपस्थितीही काय करते, याचा पुरावा फार दूरचा आहे, पण बोलका आहे. गॅम्बियातल्या मुस्लिम मंडिंका खेड्यांत १९५० ते १९७४ या काळात ठेवलेल्या नोंदी रिबेका सिअर आणि रूथ मेस या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा अंगावरचं दूध सुटण्याच्या वयातली मुलं नानी हयात असेल तर जास्त जगतात, असं निघालं. दादीचा तसा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. शेताला जाणाऱ्या आईमागं पोराला घास कोण भरवतं, याचं उत्तर कडेगावात घराघरानुसार बदलेल.

मुस्लिम वारसा कायदा मात्र या नात्याला एका ठिकाणी उघडं पाडतो. मुलगा आईच्या आधी वारला आणि तिचा दुसरा मुलगा हयात असला, तर वारलेल्याच्या पोरांना आजीच्या मालमत्तेत वाटा नाही. पाकिस्ताननं १९६१ मध्ये हे बदललं, आपल्याकडं ते तसंच आहे. वाट आहे ती वसियतीची: वारस नसलेल्या नातवाला दादी एक तृतीयांशापर्यंत देऊ शकते, आणि त्याला इतरांची संमती लागत नाही. ज्या घरात असं पोरकं पोर तिच्या कुशीत वाढतंय, त्या घरातल्या थोरल्यांनी ती हिंडती-फिरती असतानाच साक्षीदार बोलवावेत आणि तिच्या मनात काय आहे ते कागदावर उतरवून घ्यावं.