गाळणीतले बिऱ्हाडकरू

मराठीत गाळण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. शेतकरी घाम गाळतो, प्रसंगी आपण टिपे गाळतो आणि शाळेतले मास्तर जागा गाळून त्या मुलांकडून भरून घेतात. स्वयंपाकघरात तर गाळण्यांचे एक एकत्र कुटुंबच नांदत असते. चहाची गाळणी, पिठाची चाळण, पावसाळ्यात नळाला बांधलेला फडका. या साऱ्यांचा धर्म एकच. नको ते अडवावे, हवे ते सोडावे आणि काम झाले की घासूनपुसून पालथे पडावे. गाळणी जितकी स्वच्छ तितकी गृहिणी दक्ष, असा आपला साधा हिशेब आहे. या कुळात जन्माला येऊन हा कुळाचार न पाळणारी एकच गाळणी माझ्या पाहण्यात आहे. ती आमच्या दिवाणखान्यातल्या माशांच्या पेटीत असते. ती दिसायला मळकट आहे, हाताला बुळबुळीत लागते आणि तिला नळाखाली धरायची आमच्या घरात कोणालाही परवानगी नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमची आठ वर्षांची कन्या कोणाच्याशा वाढदिवसाहून परतली ती हातात काचेचा वाटोळा बाउल घेऊन. त्यात एक सोनेरी मासा होता. हल्ली वाढदिवसाला आलेल्या मुलांना उलट भेट देण्याची रीत आहे. तिच्यात पेन्सिली येतात, डबे येतात, इथे जिता जीव आला होता. पाचव्या दिवशी सकाळी तो पाण्यावर आडवा तरंगताना दिसला. कन्येने दिवसभर डोळ्यांतले पाणी खळू दिले नाही आणि संध्याकाळी आजोबांना विचारले, “पाणी तर स्वच्छ होतं. खाऊही होता. मग तो मेला कशानं?”

प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात ३५ वर्षे काढली होती. धरणाचे गढूळ पाणी यायचे, त्यात तुरटी पडायची, गाळ खाली बसायचा, वरचे पाणी वाळूच्या थरांतून उतरायचे आणि शेवटी क्लोरीनची मात्रा घेऊन गावात जायचे. लहानपणी मला त्यांनी मरीन ड्राइव्हवरचे, १९५१ साली सुरू झालेले, तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेले होते. मी मासे पाहत होतो आणि अण्णा तिथल्या पहारेकऱ्याला “पंप कुठं बसवलेत?” असे विचारत होते. असा हा मनुष्य २०१८ साली आई गेल्यावर गावचे घर बंद करून आमच्याकडे डोंबिवलीला आला आणि मुका झाला. वर्तमानपत्र दुपारपर्यंत पुरवायचे, मग गॅलरीत बसायचे, विचारले तर ‘हो’ किंवा ‘नको’. नातीच्या त्या प्रश्नाने ते प्रथमच खुर्ची सोडून उठले.

उत्तर द्यायला त्यांनी दोन दिवस घेतले. ग्रंथालयातून पुस्तके आली, माझ्या फोनवरून काही वाचून घेतले गेले. मग त्यांनी नातीला समोर बसवून सांगितले. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेला खाऊ आणि विष्ठा कुजली की आणखी अमोनिया होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखे निर्मळ दिसते आणि मासा त्यात विषाने मरतो. नदीत, तळ्यात हे घडत नाही, कारण तिथे हे विष खाऊन जगणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते. तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइटचे नायट्रेट करते. ते बरेच निरुपद्रवी असते, त्यातले काही पाणवनस्पती घेतात, बाकीचे आपण पाणी बदलून काढतो. सेर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये हे जिवाणू वेगळे करून दाखवले. “तुझ्या बाउलमध्ये सगळं होतं,” अण्णा म्हणाले, “हे बिऱ्हाडकरू तेवढे नव्हते.”

सोनेरी मासा म्हणजे काही पाच दिवसांचा पाहुणा नव्हे. इंग्लंडात १९५६ साली एका जत्रेत जिंकलेला ‘टिश’ नावाचा सोनेरी मासा १९९९ साली, ४३ वर्षांचा होऊन वारला. वाटोळ्या बाउलवर तेव्हापासून अण्णांचा जो राग बसला आहे तो आजही उतरलेला नाही. कोणाच्या घरी तसला बाउल दिसला की ते चहा घेत नाहीत.

नवी पेटी घ्यायचे ठरले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे छपन्न-सत्तावन्न लिटर, खडी वगैरे घातल्यावर पन्नासेक लिटर पाणी. क्रॉफर्ड मार्केटात आम्ही तिघे गेलो. मासे विकणाऱ्याला वाटले, मुलगी मासे पाहणार, आजोबा पैसे देणार. पण आजोबा फिल्टर पाहत होते आणि एकेकाची मुलाखत घेत होते.

पेटीच्या पाठीला अडकवायचा फिल्टर दिसायला देखणा. त्यातून पाणी छोट्या धबधब्यासारखे पडते. पण आतली जाळीची घडी दर महिन्याला फेकून नवी बसवायची, असे खोक्यावरच छापलेले होते. “म्हणजे दर महिन्याला सगळं बिऱ्हाड रस्त्यावर!” अण्णा म्हणाले आणि पुढे सरकले. खडीखाली पसरायची छिद्रांची ताटली स्वस्त होती, परंतु गाळ खडीत साठत जातो आणि एक दिवस सारी पेटी उपसावी लागते. कोळशाच्या पिशवीबद्दल त्यांचे मत असे की पाण्याचा रंग, वास किंवा औषधाचा अंश काढायचा असेल तेव्हा ती घालावी, एरवी तो कोळसा काही आठवड्यांत भरून जातो आणि पुढे नुसताच पडून राहतो. मग दुकानदाराने आपला हुकमाचा पत्ता टाकला. पेटीखाली ठेवायचा झाकणबंद डबा, दोन नळ्या, आत थरावर थर. मला तो एकदम पसंत पडला. अण्णांनाही तो आवडलेला दिसला. पाण्याच्या खात्यातला माणूस, थर पाहून त्यांचे डोळे चमकले. पण त्यांनी एकच विचारले, “वीज गेली म्हणजे?”

दुकानदार म्हणाला, “वीज आली की आपोआप सुरू होतो, काका.”

“तो होतो हो. आतले जिवंत राहतात का?”

या जिवाणूंना प्राणवायू लागतो. बंद डब्यात पाणी वाहायचे थांबले की असलेला प्राणवायू ते काही तासांत संपवतात आणि मग गुदमरतात. वीज परतली की तो डबा कुजका घोट थेट माशांच्या अंगावर सोडतो. अण्णांनी शेवटी घेतला तो दुकानातला सर्वांत गरीब प्रकार, दोन स्पंजांचा फिल्टर आणि एक हवेचा पंप. पंपाची हवा नळीतून बुडबुड्यांनी वर चढते, तिच्याबरोबर नळीतले पाणी हलके होऊन वर येते आणि त्याची जागा घ्यायला पेटीतले पाणी स्पंजातून आत ओढले जाते. तासाला पेटीतले सारे पाणी निदान चारदा फिरावे एवढा बेताचा पंप त्यांनी निवडला. घरी आल्यावर तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर, फळीवर ठेवला, कारण खाली ठेवला तर वीज गेल्यावर पेटीतले पाणी नळीवाटे उलटे पंपात उतरते. गुणगुण कमी व्हावी म्हणून त्याखाली आपल्या पंच्याची घडी घातली.

त्यानंतरचा सव्वा महिना आमच्या घराला फार जड गेला. पेटीत पाणी होते, वनस्पती होत्या, बुडबुडे होते, फक्त मासे नव्हते. अण्णा रोज चिमूटभर खाऊ रिकाम्या पाण्यात टाकायचे. तो कुजावा, त्याचा अमोनिया व्हावा आणि बिऱ्हाडकरूंनी त्यावर वसती करावी, असा हेतू. शेजारचे येऊन पाहून जात आणि आजोबांच्या प्रकृतीची चौकशी माझ्याकडे हळू आवाजात करीत. अण्णा परीक्षानळीत पाणी घेऊन, थेंब टाकून रंग पाहत आणि वहीत आकडे लिहीत. अमोनिया चढला, उतरला, मग नायट्राइट चढले. ते ज्या दिवशी शून्यावर आले त्या दिवशी त्यांनी स्वतः नातीला मार्केटात चलण्याचा हुकूम सोडला. आधी सहा झेब्रा मासे आले. हे मूळचे आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतले, चिवट. गुरामीची जोडी पुढे महिन्याने.

एकदा मी त्यांना थट्टेने म्हटले, “अण्णा, जन्मभर जंतू मारलेत आणि म्हातारपणी पाळायला घेतलेत!”

ते हसले नाहीत. त्यांनी मला हँबुर्गची गोष्ट सांगितली. नोकरीला लागताना ती त्यांनी वरिष्ठांकडून ऐकली होती. १८९२ साली हँबुर्ग शहरात पटकीने सुमारे ८,६०० माणसे दगावली. शेजारचे आल्टोना एल्ब नदीच्या खालच्या अंगाला, हँबुर्गची घाण मिसळलेले पाणी घेणारे. तरी ते बव्हंशी वाचले, कारण तिथे पाणी वाळूतून सावकाश गाळले जात होते. दोन्ही गावांच्या हद्दीवरच्या एका रस्त्यात तर एका बाजूला पटकी आणि दुसरी बाजू सुखरूप. “ते काम नुसत्या वाळूचं नव्हतं,” अण्णा म्हणाले. “वाळूवर जिवंत साय धरते, तिचं होतं. आमच्याकडे पाणी घाईनं गाळायचे, म्हणून क्लोरीन लागायचं. मला ती साय कधी पाहायला मिळाली नाही.”

आपल्या नळाचे क्लोरीन या बिऱ्हाडकरूंचा काळ असते. म्हणून बदलायचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून ठेवावे लागते, आणि स्पंज पिळायचा तोही पेटीतूनच काढलेल्या पाण्यात. इथे आमच्या सौ.चा आणि अण्णांचा खटका उडाला. दिवाळीची साफसफाई चालली होती. पंखे पुसून झाले, जाळ्या धुऊन झाल्या आणि तिची नजर त्या काळपट स्पंजांवर गेली. “अण्णा, ते मी साबणाच्या पाण्यातून काढते, पाच मिनिटांचं काम.” अण्णा पेटीच्या आड येऊन उभे राहिले. सासऱ्यांनी सुनेला शब्दाने दुखवायचे नाही आणि सुनेने घरात घाण ठेवायची नाही, अशा पेचात दोघेही थोडा वेळ गप्प उभी होती. अण्णांनी मग जिवाणू, नायट्राइट, सारे पुराण सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे विरजणच की! भांडं घासायच्या आधी चमचाभर काढून ठेवायचं.”

अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू २० वर्षे महाविद्यालयात शिकवून मला जी उपमा सुचली नाही ती घरातच होती. तेव्हापासून नियम ठरला. दोन स्पंजांपैकी एका वेळी एकच काढायचा, पेटीच्या पाण्यात तीनदा हलके पिळायचा, परत लावायचा. दुसऱ्याची पाळी पंधरा दिवसांनी. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे. वर्तमानकाळातले शास्त्र या बिऱ्हाडकरूंची नावे अजून तपासतेच आहे. घरगुती पेट्यांत नायट्राइट खाणारे म्हणून ज्यांचे नाव पुस्तकांत छापले जाई ते नायट्रोबॅक्टर मुख्यतः नाहीतच, नायट्रोस्पिरा आहेत, असे १९९८ साली दिसून आले. २०१५ साली तर पहिल्यापासून शेवटपर्यंतचे काम एकटाच करणारा नायट्रोस्पिरा सापडला, आणि त्याचा एक नमुना मत्स्यसंवर्धनाच्या फिल्टरमधूनच मिळाला. हे वाचून दाखवले तेव्हा सौ. म्हणाली, “नावं काही का असेनात, भाडं वेळेवर देतात.”

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, सारीकडची वीज एकदम गेली. मी घरूनच वर्ग घेत होतो, तो मध्येच तुटला. टाळेबंदीच्या दिवसांत आधीच माणूस घराला चिकटलेला. पण त्या शांततेत पहिले उठले ते अण्णा. पंपाची गुणगुण थांबली होती. त्यांनी झाकण काढले, एक तांब्या घेतला आणि पेटीतले पाणी भरून वीतभर उंचीवरून परत पेटीत सोडायला सुरुवात केली. पडणारे पाणी हवा घेऊन खाली जाते. दहा मिनिटे ओतायचे, वीस मिनिटे थांबायचे. दुपार झाली, वीज नाही. मी तांब्या मागितला, नातीने मागितला. त्यांनी पाळ्या लावून दिल्या आणि आपली पाळी कोणाला दिली नाही. त्या दिवशी त्यांनी आईविषयी पुष्कळ सांगितले. टंचाईच्या उन्हाळ्यात रात्रपाळीला असताना ती डबा घेऊन केंद्रावर यायची, पाण्याच्या टाक्यांच्या कठड्यावर बसून दोघे जेवायचे. हे मी प्रथमच ऐकत होतो. दिवेलागणीनंतर पंप गुणगुणायला लागला. स्पंज उघड्या पाण्यातच होते. एकही मासा गेला नाही.

आमच्या इमारतीत आता चार पेट्या आहेत. नवी पेटी मांडली की मंडळी विरजण मागायला येतात. अण्णा स्पंज पिळलेले ते काळे पाणी त्यांना बाटलीत भरून देतात आणि बरोबर पाऊण तासाचे व्याख्यान देतात. त्यांचे हात अलीकडे थरथरतात, त्यामुळे स्पंज पिळायचे काम नातीकडे आले आहे. ती नववीत आहे, घाईत असते. अण्णा शेजारी स्टुलावर बसून मोजतात, “एक… दोन… तीन. पुरे. पुरे म्हटलं ना.”

भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी दर पंधरवड्याला ‘डावा’, ‘उजवा’ असे लिहिलेले असते. नव्या वर्षाचे कॅलेंडर परवाच घरी आले. अण्णा भिंग घेऊन बसले आणि डिसेंबरपर्यंतच्या साऱ्या नोंदी त्यांनी एका बैठकीत करून टाकल्या.

“आजोबा, पुढच्या दिवाळीला कुठला येतो?” कन्येने विचारले.

त्यांनी पाने उलटली, भिंग धरले.

“उजवा,” ते म्हणाले. “आणि पंपाचा रबरी पडदा तेवढा आता बदलायला हवा. रविवारी मार्केटला जाऊ.”