जवारीचा दोरा

ज्या छंदाला आवाज असतो तो कधीच एकट्याचा राहत नाही, हे मला काशीत दुर्गाघाटाजवळच्या बोळात बिऱ्हाड केल्यावर कळले. येथे भिंतीला भिंत चिकटलेली. शेजारी फोडणी पडली, तर ठसका आम्हाला लागतो! अशा जागी, कचेरीतून आल्यावर खटपट करून, मी विजेच्या गिटारीसाठी एक डबी घरीच तयार केली.

तिला 'फझ' म्हणतात. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर व कंडेन्सर आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढाच तिचा संसार. तारेचा क्षीण संदेश ट्रान्झिस्टरांच्या आवाक्याबाहेर वाढविला, की लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वराभोवती वरच्या स्वरांशांचे मोहोळ उठते. अमेरिकेत १९६२ साली अशी डबी विक्रीस आली. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'ने तिचा आवाज जगभर नेला. माझ्या डबीला दोनच बटणे होती: एक आवाजाचे, दुसरे खरखरीचे. पहिला स्वर छेडला, तेव्हा मला कोण आनंद झाला!

आई काहीच बोलली नाही. ती मिरजेची; तिचा तंबोराही तेथल्या सतारमेकर गल्लीतला. तिन्हीसांजेला तो जुळवून दोन अभंग म्हणायचे, हा तिचा नेम. आठ-दहा दिवसांनी माझ्या ध्यानात आले, की तंबोऱ्याची गवसणी निघालेलीच नाही. विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अरे, तुझा तो आवाज थांबल्यावरही कानांत राहतो. मग मला षड्ज सापडत नाही."

'बंद कर' म्हणाली असती, तर मी कदाचित वाद घातला असता. या वाक्याला मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते.

वरचे तीक्ष्ण स्वरांश कमी करावयाचे, तर त्यांना जमिनीकडे वाट काढून द्यावी लागते. ते काम कंडेन्सर करतो; खालचे स्वर तो अडवितो, वरचे सोडतो. मी बाहेर पडणाऱ्या तारेवर ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर डाखला. काडीचा फरक पडला नाही! डबीच्या उगमाशीच विरोध इतका थोडा, की सगळे स्वर बिनदिक्कत पुढे जात होते. मग वाटेत दहा हजार ओहमचा रेझिस्टर घातला. आता सुमारे १६०० हर्ट्झच्या वरचा भाग उतरू लागला. कंडेन्सर आणि जमीन यांच्यामध्ये पन्नास हजार ओहमचे फिरते बटण बसविल्यावर ती उतरण हाताच्या ताब्यात आली. आवाज किंचित घटला. तेवढी किंमत मी आनंदाने दिली.

आईला बोलावून मी बटण फिरवून दाखविले. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही तर जवारी!" तिने गवसणी काढली. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा दोरा असतो. तो तिने केसभर सरकविला, आणि मुका वाटणारा स्वर झणकारून उठला. पसरट घोडीला तार कंपताना पुनःपुन्हा स्पर्श करते, म्हणून वरचे स्वरांश जागे होतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांच्या घोडीचे हेच वैशिष्ट्य मांडले होते. म्हणजे खरखरीचे आईला वावडे नव्हतेच. खरखर तिच्या तंबोऱ्यातही होती. फक्त तेथे तिला आवरणारा एक दोरा होता.

मी बटण अगदी खाली नेले, तेव्हा तीच म्हणाली, "इतके नको, घशात बोळा कोंबल्यासारखे वाटते." मग तिने 'हं' म्हटले, तेथे मी डबीवर पेन्सिलीने एक रेघ ओढली.

आता तिन्हीसांज तिची आणि त्यानंतरचा अर्धा तास माझा. कधी कधी बटण रेघेच्या पलीकडे जाते, हे मी नाकारीत नाही. अशा वेळी आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो आणि माझा हात आपोआप मागे वळतो.